उपकार किती वाटतात?

माय,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या एका वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. शेवटच्या आजारात तू मला म्हणालीस, "तुहे लय उपकार हायेत, बाई." पोटच्या पोरीचे कोणी उपकार मानतं का? ते आठवलं की मला कारंज्याच्या जिनातला तो दिवस आठवतो.

लढाईचे दिवस आहेत. कापसातून सरकी काढणारी यंत्रं धडधडताहेत आणि मी तुझी भाकर घेऊन आले आहे. नागपूरकडचा कोणी शिकलेला साहेब छापील कागद घेऊन बसला आहे. मजुरांना मालकाचे उपकार किती वाटतात, हे त्याला मोजायचं आहे म्हणे. ज्याचं त्यानं मनातलं सांगायचं: अजिबात नाही, थोडे, की फार. बायांना वाचता येत नाही, म्हणून तोच प्रश्न वाचतो आणि तोच खुणा करतो. शेजारी मुकादम तंबाखू मळत उभा. बायांची कुजबुज चालली आहे, की फार म्हटलं तर मजुरी वाढायची नाही आणि थोडे म्हटलं तर उद्या फाटकातून आत घेणार नाहीत. इकडे आड तिकडे विहीर. तुझा नंबर आला तशी तू म्हणालीस, "लय वाटते." साहेब खूश झाला.

घरी तू केसांतला कापूस झाडत होतीस, तेव्हा मी विचारलं, खरंच वाटतात का? तुला ताप भरला तेव्हा मालकानं आपल्या बैलांच्या दमणीतून घरी पोचवलं होतं, म्हणजे खरंही असेल, असं मला वाटत होतं. तू हसलीससुद्धा नाहीस.

"इचारनारा कोन हाय थे पाह्य आंधी, मंग तोंड उघड."

ते मला पटलं आणि जन्मभर नडलं. कोणी गोड बोललं की याला काय हवंय, हेच आधी मनात येतं.

पुढं तू माझ्याकडे राहायला आलीस. लेकीच्या घरचं अन्न तुला जड जायचं. दुसऱ्यांदा वाढू द्यायची नाहीस. त्या शेवटच्या आजारात एक दिवस तुझं अंग पुसता पुसता मीच विचारलं होतं, माझ्याकडे सुखात आहेस ना? त्यावर तू ते उपकारांचं बोललीस. मनापासूनही असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

हा कागद चुलीतच जायचा आहे, म्हणून लिहिते. सुखात आहेस ना, यावर तू 'नाही' म्हणाली असतीस, तर मला राग आला असता, आणि तो मी तुला दाखवलाही असता.