ओटी भरायच्या आधी विचारायचे प्रश्न

बाई, त्या सकाळी मी उपकेंद्राच्या ओसरीवर बसून स्टोव्हला पिन मारत होते. ज्योत निळी व्हायची आणि लगेच पिवळी पडायची. सुयांचं भांडं वर तसंच गार. त्याआधी मी दोन्ही खोल्या झाडल्या होत्या, हापशीवरून चार गुंड पाणी आणलं होतं, कापसाचे बोळे वळून डब्यात भरले होते. तुम्ही आत रजिस्टर लिहिता लिहिता आवाज देता, "अवं, आज मोठी सतरंजी टाक. पाहुणे येऊन राह्यले." मी सतरंजी झटकते, धूळ आत येते, तुम्ही खोकता आणि म्हणता, "दवाखाना हाय का खळं?" मी हसते. त्या दिवशी मी हसले होते, हे मला पक्कं आठवतं.

तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुम्ही उपकेंद्राच्या नर्सबाई, मी तेव्हा तुमच्या हाताखाली परिचर होते, आता गावची आशा कार्यकर्ती आहे. चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायला खरं शिकले ते तुमच्या औषधांच्या खोक्यांवरून. तारीख उलटलेली खोकी वेगळी काढायचं काम तुम्ही मला दिलं होतं, म्हणून अक्षर अक्षर लावत बसायचे. मग तुम्ही मला ते आजारांच्या लक्षणांचं पुस्तक दिलं, पहिली चार पानं नसलेलं. नवरा गेल्यावरची दोन वर्षं मी त्या पुस्तकावर काढली. उकळलेल्या सुईला मी बोट लावलं म्हणून एकदा तुम्ही माझ्या मनगटावर चिमटा मारला होता. "हे पुस्तक वाचतं का नुसती पानं पलटवतं?" असं सगळ्या बायांसमोर बोलला होतात. राग आला होता. पण पुन्हा कधी बोट लावलं नाही.

लिहायला बसले त्याचं कारण सांगते. मागच्या मंगळवारी मारेगावला आमचं प्रशिक्षण झालं. आणि बुधवारी आमच्या गल्लीतल्या एका पोरीला तिच्या नवऱ्याकडे परत पाठवायचं ठरलं होतं. वीस-बावीस वर्षांची पोर, कडेवर एक लेकरू. दीड महिन्यापासून माहेरी होती. नवरा मारत होता, आता तो बदलला म्हणत होते. तिची आई सोमवारी येऊन मला सांगून गेली, "माय, तू मोठी हायेस, चार गोष्टी समजावून सांग तिले. म्हणते मी जात नाही. असं कसं चालीन?" मी हो म्हटलं होतं. बाई, मी हो म्हटलं होतं.

आता त्या सकाळकडे परत येते. ती बाई तुम्हाला आठवत असेल, टेकडीकडच्या वस्तीतली. नवऱ्याच्या मारातून पळून उपकेंद्रात आली, आणि तिला ठेवायला जागा नाही म्हणून तुम्ही माझ्या घरी पाठवली. आठ दिवस होती. पहिले दोन दिवस तिला भाकर गिळता येत नव्हती. मी कढी करून द्यायचे, तर घोट घेताना डोळे मिटायची. आवाज पार बसलेला. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडून रडून बसला असंल. मिठाच्या गुळण्या दे." मी दिल्या. तिच्या एका डोळ्यात रक्ताचे बारीक ठिपके होते, तेही मी पाहिले. डोळे आले असतील म्हणून गुलाबपाणी घातलं. लक्षणांचं अख्खं पुस्तक वाचलेली मी.

आठव्या दिवशी तिचा नवरा आला, त्याचा चुलता आला, पोलीस पाटील आले. ते चांगलंच झालं असं सगळ्यांना वाटत होतं. सतरंजीवर बसून नवऱ्याने तुमच्या पायाला हात लावला. धुतलेला शर्ट, केसांना तेल. चुलता म्हणाला, "बाई, पोरगं सुदरलं. आता जर हात उचलला तं मी सोता त्याले बांधून आणतो." पाटील म्हणाले, "झालं मंग. चहा घ्या, मिटलं." आपल्याकडे चहा झाला की मिटलं. तुम्ही तिची ओटी भरली, लग्न करून पाठवतात तशी. खण तुमचा, नारळ पाटलांनी आणलेला. मी विधवा, म्हणून दारात उभी होते. अशा वेळी मी पुढे येत नसते आणि कोणी बोलवतही नसतं. ती पदर पसरून बसली होती आणि तिने मान वर केली नाही. वर करता येत नव्हती म्हणून, असं मला आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, लाजते आहे.

त्यानंतर पाचव्या दिवशी तिला बैलगाडीतून आणलं. तुम्ही नाडी धरून किती वेळ बसला होतात. नाडी नव्हती हे तुम्हाला हात लावल्याबरोबर कळलं असणार, तरी बसला होतात. नंतर तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मीही नाही. पुढच्या वर्षी तुम्हीच आजारी पडलात.

प्रशिक्षणं मी पुष्कळ केली. सही करायची, पोहे खायचे, ऐकायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. मंगळवारीही मी तशीच गेले होते, गुडघे दुखत होते, मागच्या खुर्चीवर बसले. सिस्टर होत्या, अंगणवाडीच्या ताया होत्या, दोन पोलीस होते. शिकवणारी मॅडम माझ्या मुलीच्या वयाची. विषय असा की, घरात मार खाणारी बाई समोर आली तर तिच्या जिवाला धोका किती, हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं. फळ्यावर प्रश्न लिहिले. मार वाढत चालला आहे का. मारून टाकीन म्हणाला का. हत्यार दाखवलं का. संशय घेतो का. कधी गळा दाबला का. ती नुकती घर सोडून आली आहे का. आणि शेवटी, तुला स्वतःला काय वाटतं, तो तुला मारून टाकेल का.

एक हवालदार उठून म्हणाला, "मॅडम, कुऱ्हाड तं घरोघरी हाय. मंग आख्खा तालुकाच धोक्यात टाकू का?" सगळे हसले. अंगणवाडीची ताई मागून म्हणाली, "तुमच्या घरी आदी पाहून या, साहेब." अजून हसले. मॅडमही हसली आणि म्हणाली, "कुऱ्हाड आहे का, हे विचारू नका. ती हातात घेऊन तो कधी बोलला का, हे विचारा." मग कोणी हसलं नाही.

मग तिने गळ्याचं सांगितलं. वळ नेहमी दिसत नाहीत म्हणाली. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यात लाल ठिपके येतात. ज्याने एकदा गळा दाबला त्याला हलकं घेऊ नका, आणि अशा बाईला आधी दवाखान्यात न्या. तिने असंही सांगितलं की पाया पडला, रडला, शपथ घेतली, याने धोका कमी झाला असं धरू नका. बाई घर सोडते आणि परत जाते, तेच दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. हे सगळं एकटीला विचारायचं, सासू नको, आई नको. मी वही काढली होती. लिहिलं मात्र काही नाही. माझ्या समोर कढीची वाटी होती.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, "मॅडम, आपण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?" ती म्हणाली, "मावशी, पुन्हा विचारायचं. नाही म्हणायलाही तिला वेळ लागतो आणि हो म्हणायला त्याहून जास्त." मग तिनेच विचारलं, "तुमच्याकडे कोणी आहे का?" मी म्हटलं, "होती." आणि मग म्हटलं, "आहे."

येताना गाडीत बसायला जागा मिळाली, खिडकीची. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया पदराचे ओटे बांधून वेचत होत्या. मी तुमच्यावर रागावलेली होते, बाई. इतकी वर्षं मनात ठेवलेलं तेव्हा वर आलं. तुम्ही शिकलेल्या, मी झाडू मारणारी. ओटी तुम्ही भरली, मला तर आत यायचाही मान नव्हता. ज्याला त्याला मी हेच सांगत आले. मुलीलाही हेच सांगितलं की आम्हा विधवांचं अशा वेळी कोण ऐकतं.

पण ते खरं नाही. तुम्ही नारळ हातात घेऊन दाराकडे वळला होतात. सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "काय वं, तुह्यापाशी होती आठ दिवस. पाठवू ना?" पाटलांना ते आवडलं नव्हतं, त्यांनी तोंड फिरवलं होतं. तरी तुम्ही थांबला होतात. आणि मी म्हणाले, "पाठवा." मी असं का म्हणाले तेही मला माहीत आहे. त्या आठ दिवसांत तिचा नवरा दोनदा माझ्या फाटकाशी येऊन शिव्या देऊन गेला होता. माझी सासू रोज म्हणायची, रांडमुंड बाईच्या घरात हे काय लावलं आहे. माझी मुलगी लहान होती, ती घाबरून माझ्या पाठीशी झोपायची. मी थकले होते. मला माझं घर मोकळं हवं होतं. तिच्या घशाचं तुम्हाला पुन्हा सांगावं असं मनात आलं होतं, आणि सांगितलं तर ती अजून आठ दिवस राहील हेही त्याच वेळी मनात आलं होतं. म्हणून मी सांगितलं नाही. तुम्ही विचारलं होतं, बाई. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कोणाच्या हातात जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवारी मी नऊ वाजता त्या पोरीच्या घरी गेले. पाहुणे येऊन बसले होते, तिची आई नारळाची शेंडी काढत होती. मी पोरीला मागे न्हाणीत नेलं, दार लावलं आणि फळ्यावरचे प्रश्न एकेक करून विचारले. पहिल्यांदा ती सगळ्याला नाही म्हणाली. मी पालथ्या बादलीवर बसले आणि पुन्हा विचारले. गळ्याच्या प्रश्नाला तिने दोन बोटं दाखवली, म्हणजे दोनदा. शेवटच्या प्रश्नाला हो म्हणाली. मग मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की आज पोरगी जात नाही. तिचा सासरा म्हणाला, "तू कोण वं सांगणारी?" तिची आई मला म्हणाली, "घर मोडाले आली का माह्या पोरीचं? तुले नवरा नाही तं कोणालेच नको का?" तिची आई अजूनही माझ्याशी बोलत नाही. मी त्या मॅडमना फोन लावला, लेकरू माझ्या कडेवर घेतलं, आणि साडेदहाच्या गाडीने पोरीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले.