मागच्या सीटवरचं वजन

१४ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा तेच! सकाळच्या कॉफीबरोबर पेट्रोल की डिझेल, संध्याकाळच्या जेवणात पेट्रोल की डिझेल. आणि आमच्या घरात सगळं उलटं. तीस वर्षं धान्याच्या यार्डात डिझेल इंजिनं उघडून बसलेला माझा नवरा म्हणतो, पेट्रोलचा ट्रक घेऊ. आणि शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं घालवलेली मी म्हणते, डिझेल.

"तुला काय कळतं गं डिझेलमधलं?" – ऑरिन.

"एवढं कळतं की उतारावर ते गाडी धरून ठेवतं."

लगेच उठून कुत्र्याला बाहेर घेऊन गेला. 'उतार' हा शब्द निघाला की टफीला नेमकं बाहेर जायचं असतं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

काल चिडून लिहिलं, नीट लिहिलंच नाही. रविवारी टेसाचा फोन आला. टेसा म्हणजे आमच्या जॅरडची बायको, आमची सून. तिला आणि नातीला, रेनला, आम्ही फोटोतच पाहिलंय, टेसाचा आवाज तीनदा ऐकलाय. म्हणाली, "रेन एकवीस सप्टेंबरला तीन वर्षांची होतेय. घर लहान आहे आमचं, पण अंगण मोठं आहे. कॅम्पर घेऊन या, आठवडाभर राहा."

विचारलं, "जॅरड काय म्हणतो?"

"तो नाही म्हणाला नाहीये, मार्लिस."

पाच वर्षांत पोराकडून मिळालेला सगळ्यात गोड निरोप! फोन ठेवला आणि भांडी घासता घासता रडले.

कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, नेणं बरंच आहे म्हणा. आमच्याकडे पाहुणा आपली गादी, आपली चूल, आपला संडास मागे बांधून येतो आणि यजमानाच्या अंगणात उभा राहतो. जमलं तर आठवडा. नाही जमलं तर सकाळी चाकं फिरवून निघायचं, कुणाला तोंड दाखवायला नको. पण ओढायला ट्रक हवा. जुना ऑरिनने पाच वर्षांपूर्वी, जॅरड गेला त्याच उन्हाळ्यात विकून टाकला होता.

१७ ऑगस्ट, शनिवार

कॅम्पर उघडला. गादीत उंदराचं घर, टायरना चिरा. कपाटात पाच वर्षांपूर्वीचा पॅनकेकच्या पिठाचा डबा आणि जॅरडची निळी टोपी. टोपी धुवून वाळत घातली. ऑरिनने तारेवर पाहिली आणि उंदराची गादी ओढत कचऱ्याकडे नेली.

१८ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर डेल्मर कॉफीला आला. ऑरिनचा यार्डातला दोस्त, फाटक्या तोंडाचा.

"काय रे, पेट्रोल घेतोस म्हणे? उद्या सांगशील गाय विकली, बदामाचं दूध पिळतोय!"

ऑरिन हसला नाही. डेल्मर मग नकाशावर आला. "बिलिंग्जवरून फिरून जा ना. रस्ता कसा पाटासारखा. पोराच्या लव्हेलला पोचायला डोंगर चढायची गरजच काय?"

"त्याच रस्त्याने जायचं," ऑरिन म्हणाला. "तोच उतार उतरायचा."

"का पण?" – मी.

टफीला बाहेर जायचं होतं.

२० ऑगस्ट, मंगळवार

तो उतार. आज लिहूनच टाकते.

२०१९, जुलै. आम्ही यलोस्टोन पार्क बघायला निघालो होतो. जॅरड चालवत होता, मी शेजारी, ऑरिन मागच्या सीटवर घोरत. बिगहॉर्नचा डोंगर चढलो आणि पलीकडे उतरायला लागलो तर कॅम्पर मागून ढकलायला लागला. पोराने गिअर खाली आणला, ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. चाकांतून धूर! जळका वास अजून माझ्या नाकात आहे. वळणाच्या आधी कडेला खडीची चढण होती, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी करून ठेवलेली. जॅरडने ट्रक सरळ तिच्यात घातला. आसापर्यंत रुतलो. कुणाला ओरखडा नाही. पोराने वाचवलं आम्हाला!

आणि ऑरिनने काय केलं? मी दार उघडून खाली उतरले होते, त्याने आधी जॅरडला पाठवलं कॅम्परची चाकं बघायला. मग स्वतः उतरला आणि तिथे थांबलेल्या लोकांसमोर सुरू. "ब्रेकवर उभा राहतो का कुणी उतारावर? तुझ्या हातात हातगाडी द्यायची लायकी नाही! आईला मारलं असतंस आज!"

जॅरडने किल्ली बॉनेटवर ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं. आणि पायी उतरायला लागला. खाली लव्हेलला पोचला आणि तिथेच राहिला. काम धरलं, लग्न केलं, मूल झालं. डोंगराच्या पायथ्याशीच.

ऑरिनला मी माफ केलेलं नाही. जेवायला वाढते, कपडे धुते, पण ते नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

रॅपिड सिटीला ट्रक बघायला. विक्रेता पोरगेलासा, दात पांढरेशुभ्र. डिझेल मी चालवला! डेडवुडच्या रस्त्यावर उताराला लागल्यावर त्याने एक बटण दाबायला लावलं. इंजिन गुरगुरलं आणि ट्रकने स्वतःला धरलं. पाय ब्रेकवर नाही, तरी वेग वाढत नाही. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. विक्रेत्याला वाटलं, बाईला ट्रक फारच आवडला.

"हाच," मी म्हटलं.

ऑरिन दार उघडून चौकटीवरचं पिवळं लेबल वाचत बसला होता. म्हणाला, "बघू."

बघू! ज्या एका गोष्टीने त्या दिवशी आम्हाला धरलं असतं, ती समोर उभी आहे आणि हा लेबलं वाचतोय.

२५ ऑगस्ट, रविवार

अबोला. मक्याची कणसं उकडली, त्याने चार खाल्ली. अबोल्यात भूक कमी होत नाही त्याची.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज अचानक –

"मार्लिस, तुझं वजन किती?"

"त्रेचाळीस वर्षांत विचारलं नाहीस. आजच का?"

"ट्रकसाठी हवंय."

"एकशे पंचेचाळीस पौंड."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. एकशे साठ लिहिलं. मेला!

२ सप्टेंबर, सोमवार

सुटी. ऑरिन डेल्मरकडे मांस भाजायला गेला आणि मला चष्मा शोधताना त्याचा कागद सापडला, बायबलमध्ये. यार्डातल्यासारखं ठोकळ्या अक्षरांत लिहिलेलं. आता कळलं लेबलाचं प्रकरण. ट्रक किती ओढतो हे जाहिरातीत असतं. तो अंगावर किती वागवू शकतो हे दाराच्या चौकटीवर असतं – त्यात माणसं, कुत्रा, सामान आणि कॅम्परच्या पुढच्या टोकाचा भार, सगळं आलं. डिझेलचं इंजिन स्वतःच एवढं जड की आपल्यासाठी कमी उरतं. डिझेल – १९८० पौंड. पेट्रोल – २७९०.

खाली मांडणी. कॅम्परचा भार ११५०. कॅम्पर जोडायची कडी ९०. मी २२०. मार्लिस १६०. टफी ५५. जनरेटर, हत्यारं १५०. बेरीज १८२५. म्हणजे डिझेल चाललं असतं की! खोटारडा, म्हटलं. मग कागद उलटला.

जॅ. – १९०. टे. – १४०. बाळ, खुर्चीसकट – ४५.

बेरीज २२००. डिझेल – नाही. आणि 'नाही'खाली दोन रेघा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत – यलोस्टोन, सगळे.

हातात कागद धरून बसून राहिले. तीन आठवडे ह्या माणसाला मी हट्टी म्हणतेय, भित्रा म्हणतेय. आणि तो मागच्या सीटवर पोराला बसवून बघतोय, पौंडापौंडाने. ज्याचं नाव पाच वर्षांत घेतलं नाही त्याच्यासाठी जागा ठेवतोय.

कागद होता तसा बायबलमध्ये ठेवला.

३ सप्टेंबर, मंगळवार

"पेट्रोल घे," म्हटलं.

"का गं, आता काय झालं?"

"थंडीत डिझेल गोठतं. डेल्मर दर जानेवारीला शिव्या देत वायर लावून बसतो इंजिन गरम करत."

त्याने बायबलकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं की मला कळलंय. टफी दाराशी उभा होता, ऑरिन उठला नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

ट्रक आला. राखाडी. डेल्मर नाक धरून भोवती फिरला, "फुलांचा वास येतोय रे!" आज ऑरिन हसला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

भीती जात नाही. ट्रक चांगला आहे, टायर नवे, ऑरिनने ब्रेक खोलून साफ केले. तरी डोळे मिटले की तो उतार. टेसाला फोन केला. मागून बाळाचं गाणं ऐकू आलं आणि कुणीतरी पुरुष तिला साथ देत होता, बेसूर. माझा जॅरड! आजही सूर लागत नाही त्याला. टेसाने विचारलं, "देऊ का फोन?" मी घाईघाईने म्हटलं, नको, नको, राहू दे.

का नको म्हटलं?

१९ सप्टेंबर, गुरुवार

उद्या निघायचं. दुपारी कॅम्पर जोडून गावाबाहेर चक्कर मारायला गेलो. ह्या ट्रकमध्ये कॅम्परच्या ब्रेकचा आकडा समोरच दिसतो. जुन्यात स्टिअरिंगखाली वेगळी डबी होती, तिला गोल बटण – कॅम्परचे स्वतःचे ब्रेक किती जोरात धरायचे ते ठरवणारं. रिकामा कॅम्पर असला की आकडा कमी ठेवायचा, नाहीतर प्रत्येक थांब्याला हिसके. भरला की वाढवायचा. हे ओढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि प्रत्येक जण कधी ना कधी विसरतो.

ऑरिनने धान्याच्या कोठाराशी ट्रक थांबवला. इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच.

"मार्लिस, त्या दिवशी ते बटण दोनवर होतं."

मी समोरच्या आकड्याकडे बघितलं.

"खडीत रुतल्यावर पोराला चाकं बघायला पाठवलं ना मी. मागून वाकून डबी बघितली. दोन! भरलेला कॅम्पर आणि दोन! त्याला ब्रेकच नव्हते म्हणायचे, सगळं ओझं ट्रकच्या ब्रेकवर. मीच आदल्या आठवड्यात कॅम्पर रिकामा असताना कमी केलं असणार. वाढवायचं राहिलं. पोराची काहीच चूक नव्हती गं."

"मग तू –"

"मी ते सहावर नेलं. कुणी बघायच्या आत. आणि मग खाली उतरून त्याच्यावर ओरडलो." त्याने अंगठ्याने स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "तीस वर्षं मेकॅनिक मी. लोक बघत होते. माझ्याच्याने 'चूक माझी' म्हणवलं नाही. शनिवारी त्याच्यासमोर उभा राहून सांगणार आहे. त्याच उतारावरून उतरून जायचं ते त्यासाठी. माझं मन आता घट्ट झालंय."

मी खिडकीकडे तोंड वळवलं. त्याला वाटलं मी रागावले. "राग येऊ दे तुला, बरोबरच आहे," म्हणाला, आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी हात काढून घेतला. मला तो हात सोसवेना.

घरी आल्यावर उरलेलं सामान भरलं. रेनसाठी विणलेला स्वेटर सगळ्यात वर ठेवला.

२० सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ

बटण ऑरिनने कमी केलं नव्हतं. मी केलं होतं. डोंगराच्या अलीकडच्या शेरिडन गावात, एकामागून एक सिग्नल, प्रत्येक सिग्नलला हिसका, माझं डोकं फुटत होतं. जॅरड कॉफी आणायला उतरला, ऑरिन मागे झोपला होता. हात घालून कमी केलं. गावाबाहेर पडल्यावर वाढवेन म्हटलं. खडीत रुतल्यानंतर, ऑरिन ओरडत असताना, उघड्या दारातून पुन्हा बघितलं तर सहा! तेव्हापासून स्वतःला सांगत आले – म्हणजे मी वाढवलं होतं, माझ्यामुळे नाही झालं. ह्या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. काल कळलं, ते सहावर ऑरिनने नेलं होतं.

आत्ता लव्हेलला फोन लावला. जॅरडने स्वतः उचलला. सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा तुझी माफी मागायला येतोय, ती त्याच्याकडून घेऊ नकोस.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आई, बाबांना सांगितलंस?"

नाही. तो अंगणात ट्रक सुरू करून माझी वाट बघतोय. जाते.