बनूच्या नावानं लिहिलेली पत्रं

६ जानेवारी १९७५

'बाई' लिही म्हटलं, तर बनूनं 'ईबा' लिहिलं. मधल्या सुट्टीत पोरं मला ईबा म्हणत होती. आटपाडी तालुक्यातून बदली होईपर्यंत हे नाव टिकणार बहुतेक.

तिसरीत तिचं हे दुसरं वर्ष. बोलायला लागली की थांबत नाही, सत्तावीसचा पाढा घडाघडा — लिहायला सांगितलं की पोटात दुखतं. वर्गात तिला 'ढ' म्हणतात. गंमत म्हणजे ढ तेवढा ती सुरेख काढते.

९ जानेवारी

हेडगुरुजी म्हणाले, "अहो बाई, एका पोरीवर किती वेळ घालवाल? चाळीस पोरं आहेत." त्यांचं स्वतःचं हजेरीपटावरचं अक्षर असं, की मागच्या महिन्यात इमाम हजर होता की गैरहजर, ते इमामलाच विचारावं लागलं. पण हे बोलले नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. बनूची आई शालूबाई तिळगूळ घेऊन आली, सोबत निळं आंतर्देशीय. नवरा कृष्णात पलटणीत, जम्मूकडे. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून गेल्या वर्षापासून त्याची पत्रं वाचणं आणि उत्तरं लिहिणं माझ्याकडेच.

या खेपेला त्याची मागणी — बनूनं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहाव्यात.

"बाई, तिच्या नावानं तुमीच लिवा की. लांब हाय त्यो. तेवढंच बरं वाटंल."

लिहिलं. लहान मुलाचं वाटावं म्हणून जरा वाकडंतिकडं काढलं. झकास जमलं. जमलं याचीच मग लाज वाटली.

२ फेब्रुवारी

कृष्णातचं उत्तर: बनूचं अक्षर सगळ्या पलटणीला दाखवलं म्हणे. झालं — आता दुसरं पत्र लिहिणं आलं. बनू शेजारी बसून बघत होती.

"बाई, या बारीला माजं अक्षर लय भारी आलंय."

कान धरणार होते. पण कुणाचा धरायचा?

१० फेब्रुवारी

पाटी बंद. ओढ्यातली वाळू आणली, परातीत पसरली. बोटानं अक्षर काढायचं, तोंडानं म्हणायचं — पोट काढ, पोटात काडी, मग उभा दांडा. झाला ब. दिवसाला एकच अक्षर. डोळे मिटून काढते तेव्हा चुकत नाही!

का, म्हणून विचारलं. म्हणाली, "उगडल्यावर अक्षरं हलत्यात. तुमची न्हाईत व्हय हलत?"

दीड वर्ष तिला 'नीट बघ' म्हणून रागावत होते. ती नीटच बघत होती.

३ मार्च

आज कागदावर 'बनू' बरोबर लिहिलं. मग शाळेच्या भिंतीवर कोळशानं, पाच ठिकाणी. हेडगुरुजींनी भिंत धुवायला लावली. एक मी राहू दिलं.

२८ मार्च

कृष्णात एप्रिलात रजेवर येतोय. पत्र वाचून झालं तशी बनू हळूच म्हणाली, "आबा म्हणला, माज्याम्होरं लिवून दाव, तर?"

शालूबाईनं आधीच सांगून ठेवलंय — यंदा नापास झाली तर शाळा बंद, शेळ्यांमागं जायचं. आणि नापास झाली तर माझी दोन सुंदर पत्रं तिच्या बापाच्या ट्रंकेत असणार.

१२ एप्रिल

शाळा सुटल्यावर कृष्णात आला. उंच, मिशाळ माणूस. हातात ती दोन पत्रं. त्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "ही मी लिहिलीत. तिच्या हातची नाहीत. तिला अजून धड लिहिता येत नाही."

तो पोरांच्या बसकरावर मांडी घालून बसला.

"मग फिट्टंफाट म्हणायची," म्हणाला. "माजी पत्रं बी मी लिवल्याली न्हाईत. शिरवळचा नाथाजी हाय आमच्यात. त्योच लिवतो, त्योच वाचून दावतो. भरतीत छाती मापली, पाटी कुणी हातात दिली न्हाई. निसती सही येती बाई. बाकी अक्षरं पळत्यात डोळ्याम्होरनं."

"शालूबाईंना माहीत आहे?"

"न्हाई. पोरीलाबी न्हाई."

म्हणजे वर्षभर मी आणि शिरवळचा कुणी नाथाजी एकमेकांना ख्यालीखुशाली कळवतोय. मागच्या पत्राच्या शेवटी त्यानं 'जिवाला जप' लिहिलंय!

बनूला काही म्हणू नका, एवढंच मी म्हटलं. तो म्हणाला, "काय तोंडानं म्हणू?" डोळे भरले होते त्याचे.

१६ एप्रिल

त्यानं बनूला सांगितलं. आज दोघं परातीसमोर.

"आबा, आदी पोट काढ."

"व्हय सायेब."

३० एप्रिल

बनू चौथीत. लेखनात काठावर. हेडगुरुजी म्हणाले, "तुमच्याकडे बघून दिले हो मार्क." पेपर मागून बघितला. एकही मार्क फुकटचा नव्हता.

कृष्णात उद्या जाणार.

१९ जून

कार्ड आलं. अक्षर नाथाजीचं नाही. चार ओळी, निम्मी अक्षरं उलटी, काने-वेलांट्या भलत्याच जागी. शालूबाईनं नेहमीसारखं माझ्या हातात दिलं. मी आडवं धरलं, उभं धरलं — शब्द लागेना. बनूनं ते माझ्याकडून घेतलं आणि आईला एका दमात वाचून दाखवलं.