इंजिनावर नारळाचं पाणी

चिक्कडपल्ली, रविवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दसऱ्यापासून गाडीत इंजिनाचा दिवा पेटतोय. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, तरी दिवा तसाच. काल पुन्हा म्हणतो, "सेन्सरच खराब है साब, और एक डालेंगे." साब म्हणजे माझा नवरा. गाडी चालवते मी, पण बोलायचं त्याच्याशी! वायर तपासली का, असं मी विचारलं तर गॅरेजवाला नुसता हसला.

मग आज मीच मल्टिमीटर घेऊन बसले. वायरीत करंट होता, सेन्सरपर्यंत मात्र पोचत नव्हता. सेन्सरचा प्लग काढला तर आतल्या पिना हिरव्यागार, चिकट. नारळाचं पाणी! खंडेनवमीला गाडीची पूजा करून मामंजींनी ते अख्ख्या इंजिनावर ओतलं होतं. मी तेव्हाच नको म्हटलं होतं ना? सुनेचं कोण ऐकतंय!

पिना घासून साफ केल्या आणि दिवा विझला. शाबासकी? छे! मामंजी म्हणाले, "देवाच्या पाण्याने कधी काही बिघडतं का? त्याच्याच कृपेने बरी झाली गाडी." आणि आत जाऊन काय घेऊन आले? नारळ! पुन्हा नारळ!

मी बॉनेट लावलं आणि त्यावरच चढून बसले. म्हटलं, आता फोडा कुठे फोडायचा तो.