दोनच मिनिटं, आई

मी, दमयंती श्रीधर देवगावकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना, माझ्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकं ठिकाणावर आहे. गाठ पोटात आहे.

१. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलगा मंदार आणि मुलगी वैदेही यांना समान हिश्श्याने मिळावं. खालचा मजला कोणाचा, यावर दोघं भांडतील. मसुदा दाखवला तेव्हाच भांडली. मंदारने माझ्या पहिल्याच वाक्यावर आक्षेप घेतला, वैदेहीने त्याच्या आक्षेपावर, आणि पुढचं पान कोणी उलटलंच नाही.

२. बँकेतली ठेव निम्मी-निम्मी. पाटल्या वैदेहीला. मोडून नवीन काही घडवलं तरी माझी हरकत नाही.

३. आमचे हे कॉलेजात वादविवाद शिकवायचे. जेवणाच्या टेबलावरही एकाने बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात, असा घरचा शिरस्ता. सहल पैठणला की म्हैसमाळला, यावरसुद्धा रीतसर वाद व्हायचा. वेळ मी पाहायची आणि वेळ संपली की पितळी घंटा वाजवायची. घंटा वाजवणाऱ्याला मत विचारायची पद्धत नसते. मुलं तरबेज झाली, ढालींनी कपाट भरलं. ढाली ज्याच्या त्याने न्याव्यात. घंटा मोडीत द्यावी. ही विनंती नाही, अट आहे.

४. व्हरांड्यातल्या दोन्ही वेताच्या खुर्च्या शेजारचे राजकुमार साळवे यांना द्याव्यात. आजाराचं मी पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. सांगताना मी मध्येच थांबले, तर ते म्हणाले, "बोला ना ताई. मी हाय इथंच, मला कुठं जायचं नाय." बाकी काही बोलले नाहीत. मला ऑपरेशन नको आहे, हे त्या दिवशी बोलता बोलता माझं मलाच कळलं. रडूही आलं.

५. आता लिहिते ते मिळकतीबद्दल नाही. ऑपरेशन इथेच करावं, हे मंदारचं म्हणणं. पुण्यात करावं, हे वैदेहीचं. दोघांचे मुद्दे बिनतोड, दोघांची माया खरी. माझ्या पलंगाशी बसूनच सगळं चालायचं. एकदा मी बोलायला म्हणून हात वर केला, तर मंदार म्हणाला, "दोनच मिनिटं, आई, संपवतोच." त्याला वाटलं, वेळ संपली म्हणून मी खूण करतेय. दुसऱ्यांदा म्हटलं, "अगं, मी थकलेय आता." तर वैदेही म्हणाली, "बघ दादा, म्हणूनच लवकर हलवायला हवं." माझं बोलणं तिच्या बाजूला जमा झालं. मग मी गप्प बसले. वाद घालायचं बळ माझ्यात नाही, आणि नुसतं सांगितलेलं ऐकायची सवय त्यांना आम्ही लावलीच नाही.

शेवटी वैदेही जिंकली. उद्या सोमवारी मला पुण्याला नेणार आहेत. पिशवी भरून ठेवली आहे. मी जाईन.

मंदार, वैदेही, मला ऑपरेशन नको होतं. मला याच घरात, माझ्या पलंगावर मरायचं होतं. वकील तनुजाबाई हे वाचून दाखवतील तेव्हा तुम्हाला करण्यासारखं काही उरलेलं नसेल. निदान तेव्हा तरी शेवटपर्यंत ऐका रे.

सही: दमयंती श्रीधर देवगावकर

साक्षीदार: डॉ. आकाश बोर्डे, संध्या अप्पाराव मुळे
दमयंतीबाईंनी हे आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि आमच्यासमोर सही केली. त्या वेळी त्यांची मुलं पुढच्या खोलीत, उद्या गाडी किती वाजता काढायची, यावर बोलत होती.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
रविवार, १५ जून २०२५