तळ्याकाठची तीन माणसं

प्रिय दीपमाला,

हे पत्र हातात पडलं की आधी बसून घे. बातमी वाईट नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. तुमच्या घरात सहा वर्षं झाली, दारावर थाप पडली तरी सगळ्यांचे चेहरे उतरतात, हे मी पाहिलंय. पण मला माझ्या चालीनं सांगू दे. शेवटचं पान आधी वाचू नकोस. डी.एड.ला असताना कादंबऱ्या तशाच वाचायचीस तू.

माझं लग्न कंधारच्या मुज्तबाशी ठरलं तेव्हा तू विचारलं होतंस, त्या गावात तळ्याशिवाय आहे तरी काय? तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. या उन्हाळ्यात जनगणनेचं काम गळ्यात पडलं, घरयादी करत गल्लीगल्ली फिरले आणि इतकी वर्षं ज्या गावात नांदले ते पहिल्यांदा नीट पाहिलं. चारी बाजूंनी बालाघाटचे उघडे डोंगर, खाली मन्याड नदी, खंदकात पाणी धरून बसलेला किल्ला, आणि गावाला लागून तळं. राष्ट्रकूटांच्या काळी इथं राजधानी होती म्हणतात. तळ्याला तेव्हा समुद्र म्हणायचे, जगत्तुंग समुद्र. एवढ्याशा पाण्याला समुद्र म्हणणारा राजा मोठ्या मनाचा असावा. मग बहामनी आले, निजाम आला, तेही गेले. दर्गा राहिला, देवळं राहिली, तळं राहिलं. मागच्या मोजणीत पंचवीसेक हजार माणसं होती, यंदा किती भरतील कोण जाणे. मुज्तबा हसतो, म्हणतो, सगळी पोरं पुण्याला, हैदराबादला, तू मोजणार कुणाला, म्हाताऱ्यांना अन् शेळ्यांना?

ऊन असं होतं की नोंदी घ्यायचा मोबाईल तापून बंद पडायचा. मग कुणाच्या तरी ओसरीवर बसायचं, पाणी प्यायचं, तो थंड व्हायची वाट पाहायची. लोक भले निघाले. सरकारनं आपल्याला विचारायला माणूस पाठवलं याचंच त्यांना अप्रूप. एका आजीनं तर परगावच्या तिन्ही लेकी आपल्या घरात मोजायला लावल्या. नियमात बसत नाही म्हटलं तर म्हणाली, "बाई, मोजल्या न्हाईत म्हणून काय त्या माझ्या न्हाईत व्हय?"

माझ्या हद्दीतली शेवटची घरं तळ्याच्या काठावर होती. मासेमारी करणाऱ्यांची चार-सहा पत्र्याची घरं. त्यातलं एक मलप्पाचं. तो देगलूरकडचा, बायको रत्नम्मा सीमेपलीकडची, पोरबाळ नाही. रत्नम्मा दारात मासे निवडत होती. घरात राहणारी माणसं किती, असं विचारलं तर म्हणाली, "तीन. हे, मी, अन् आमचा पोरगा." कुणी नात्यातला का म्हणून विचारलं, तर नुसती हसली आणि आतल्या बाजूला हाक मारली. खांद्यावर जाळं घेऊन एक तरुण बाहेर आला. उंच, दाढी वाढलेली, उन्हानं रापलेला. दीपा, मला क्षणभर वाटलं की तूच दाढी लावून समोर उभी राहिली आहेस.

सत्यम होता. सहा वर्षांपूर्वी नाहीसा झालेला तुझा धाकटा भाऊ, आपला सत्यम. धडधाकट, माझ्यासमोर उभा.

एवढं वाचून झालं असेल तर थांब. पाणी पी. मीही त्या दिवशी तेच केलं. रत्नम्मानं दिलेला तांब्या उभ्या उभ्या रिकामा केला. त्यानंही मला ओळखलं. त्याच्या तोंडातून पहिला शब्द निघाला, "जाहिदाताई." आणि दुसरं वाक्य, "माझं नाव नका लिहू."

मी म्हटलं, "या खेपेला घरच्या कर्त्याचंच नाव लिहितात रे. तुझं नुसतं डोकं मोजायचंय." तसा तो खाली बसला.

आता तू म्हणशील, त्याच दिवशी फोन का केला नाहीस. कामावर असताना कुणाच्या घरात काय पाहिलं हे बाहेर बोलायचं नाही, असं आम्हाला बजावलेलं होतं. पण खरं सांगू, नियमापेक्षा त्याच्या डोळ्यांची भीती वाटली. मी तुला कळवलं असतं तर तुम्ही गाडी करून येईपर्यंत तो दुसऱ्या गावाला निघून गेला असता, आणि मग कुठे शोधायचं? म्हणून तू सुट्टीत फोन केलास तेव्हा मी दूध उतू जातंय म्हणून ठेवून दिला. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते.

काम संपल्यावर मी त्याच्याकडे जायला लागले. कधी मुज्तबा सोबत असायचा, कधी एकटी. बांधावर बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं. हळूहळू त्यानं सांगितलं. लातूरला मेडिकलच्या शिकवणीचं तिसरं वर्ष, निकाल आधीच्या दोन वर्षांसारखाच लागला. अण्णांनी लेकाला गावभर "आमचे डॉक्टर" म्हणून सांगून ठेवलेलं. "कोणत्या तोंडानं घरी यायचं होतं, ताई?" खोलीवर मोबाईल ठेवून तो नांदेडच्या गाडीत बसला, लोह्याला उतरला, समोर कंधारची गाडी लागली होती तिच्यात चढला. तळ्यावर का आला हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गुडघाभर पाण्यात उभा होता, एवढंच म्हणाला. तेवढ्यात मलप्पानं पलीकडून हाक मारली, "ए पोरा, हे टोक धर की जरा, एकट्याला वढंना झालंय." यानं टोक धरलं. जाळं ओढून होईपर्यंत अंधारून आलं. मग रत्नम्मानं जेवायला वाढलं. "मग रोजच कुणीतरी काहीतरी धरायला लावून राहिलं," तो म्हणाला, आणि किंचित हसला. आता तो टेम्पोनं नांदेडला मासळी नेतो. चांगलं चाललंय त्याचं.

त्याला वाटत होतं, तुम्ही रागावून त्याला सोडून दिलंय. तेव्हा मी त्याला अण्णांचं सांगितलं. सांगावं की नाही कळत नव्हतं, पण सांगितलं. अनोळखी तरुणाचं प्रेत सापडल्याची बातमी पेपरात आली की अण्णा पिशवी घेऊन निघतात, परभणी असो, नांदेड असो. एकदा तू सोबत गेली होतीस आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिलीस. प्रत्येक वेळी "आपला न्हाई" म्हणत घरी येतात आणि दोन घास जास्त खातात. दीपा, हे ऐकून सत्यम, एवढा मोठा बाप्या माणूस, तोंडात गमछा कोंबून रडला. मलप्पा नाव बांधत होता, तो काम टाकून जवळ येऊन बसला. मग रत्नम्माच म्हणाली, "जा रे. मायला तोंड दाखव. आमचं घर काय उठून चाललंय का कुठं?" बोलताना तिचा पदर डोळ्यांना होता. त्या बाईला तू कधी भेटलीस तर तिच्या पाया पड, माझ्या वतीनंही.

त्यानंतर मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. तुला सांगायचं राहिलंय या ओझ्याचीच मला सवय होत चालली होती.

आता हे लिहायचं कारण. फोनवर सांगितलं असतं तर शेजारी माय असती, आणि तिच्या छातीचं दुखणं मला माहीत आहे. शिवाय सत्यम म्हणाला, "आधी अक्काला एकटीला कळू द्या. तिला नको वाटलं तर मी परत फिरेन." म्हणून शाळा सुरू व्हायची वाट पाहिली आणि हे पत्र मुज्तबाबरोबर थेट तुझ्या स्टाफरूमवर धाडलं. मुज्तबा एकटा आलेला नाही. सत्यम आत्ता तुमच्या अहमदपूरच्या स्टँडवर, लोह्याच्या गाड्या लागतात त्या फलाटाजवळच्या बाकावर बसलाय. रत्नम्मानं त्याला नवा शर्ट घेतलाय. तुझ्या रजेचं हेडसरांशी मुज्तबा बोलेल. घरी गेल्यावर मायला हळू सांग, जवळ बसवून. अण्णांना मात्र एवढंच सांग की आता कुठं बघायला जायचं नाही. बाकीचं ते समोर पाहतीलच. ऊठ, जा. दाढीमुळे तुझी नजर एकदा त्याच्यावरून पुढे जाईल, तर लांबूनच नावानं हाक मार.

तुझीच,
जाहिदा