ज्ञानासाठी ज्ञान, सायंकाळी सव्वासहा

३ जुलै
उद्यापासून सायंकालीन कॉलेज. वय सत्तेचाळीस. कारखान्यातले गेज, काटे, थर्मामीटर बावीस वर्षं मीच तपासतो. कुणाकडून शिकलो नाही. पदवी निव्वळ ज्ञानासाठी. सुपरवायझरच्या जागेला पदवीची अट आहे, हा योगायोग.

४ जुलै, ६.१५
सरांनी एकेकाला विचारलं, का शिकायचंय? किळसवाणी उत्तरं. एक म्हणे, बाबा म्हणाले म्हणून. दुसरा म्हणे, स्थळं बरी येतात. पुढच्या बाकावरची मुलगी, दिवसा औषधांच्या दुकानात काम करते, म्हणे नोकरी बदलायचीय, घरात कमावणारी मी एकटी. शी! मी उठून ज्ञानासाठी ज्ञान या विषयावर अकरा मिनिटं बोललो. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. ते चार मिनिटं पुढे आहे, हेही मी त्यांना सांगितलं.

१९ जुलै
सरांनी तोंड उघडलं की पोरं विचारतात, हे परीक्षेला येणार का? शिसारी येते. संकल्प: हा प्रश्न जन्मात विचारणार नाही.

२ ऑगस्ट
संकल्प शाबूत. आज शेजारच्याला विचारायला लावलं.

२१ ऑगस्ट
चाचणी. वीसपैकी सहा. प्रश्नच ढोबळ होते. औषधवालीला सतरा. घोकंपट्टी, दुसरं काय. वर म्हणते, काका, माझ्या नोट्स नेता का? नाइलाजाने आणल्या. समासात तिने सरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत. एकही परीक्षेला येणारा नाही. वेळेची नासाडी.

९ सप्टेंबर
अखेर कदर झाली! बारा तारखेला, माणूस का शिकतो, यावर वर्गासमोर बोलायचंय. सरांनी स्वतः सांगितलं.

११ सप्टेंबर
सुपरवायझरची जागा भरली. साहेबांचा भाचा. पदवीची अटच काढून टाकली. ओकारी येते असल्या कारभाराची. बायकोला म्हटलं, मला काडीचा फरक पडत नाही. ती म्हणाली, मग डबा तसाच का परत आणलात?

१२ सप्टेंबर, ६.२०
अंग गरम वाटतंय. औषधवालीचा फोन आला. काका, सगळे थांबलोय, या ना. सांगितलं, सणसणून ताप आहे.

६.३५
बायकोने थर्मामीटर लावला. ९८.४. म्हटलं, बिघडलाय.
तिने डबी उलटी करून दाखवली. मागे चिकटवलेली चिठ्ठी: अचूक. खाली माझी सही.